सिंहपुच्छ माकड आणि रामपत्री: शिरगणतीला फसवणारे दोन रानवासी

कातळसडा (धागाकर्ता)

सह्याद्रीच्या दक्षिणेकडील सदाहरित रानांविषयी वाचताना एक तुलना बरेच दिवस मनात घोळते आहे. ती कितपत टिकते, हे जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. तुलनेच्या एका बाजूला सिंहपुच्छ माकड आहे. दुसऱ्या बाजूला जायफळाच्या कुळातील, पण आपल्या घाटात मूळचे असलेले रामपत्रीचे झाड आणि त्याची भावंडे आहेत. प्राणी आणि झाड यांची तुलना म्हणजे आवळ्याभोपळ्याची मोट, असे कोणी म्हणेल. मी रूपाची किंवा उपयोगाची तुलना करत नसून दोघांच्या जगण्याच्या हिशेबाची तुलना करतो आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आधी माकडाविषयी. काळीभोर अंगकाठी, चेहऱ्याभोवती राखाडी-रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला छोटा गोंडा, असे त्याचे रूप आहे. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. हे माकड कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांतील घाटरानांत राहते, जगात इतरत्र कुठेही नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही. नराचे वजन पाच ते दहा किलो असते आणि मादी त्याहून बरीच हलकी असते. दहा-वीस जणांची टोळी असते, तिच्यात प्रौढ नर बहुधा एक किंवा दोनच असतात. दिवसाचा बहुतेक वेळ ही टोळी झाडांच्या शेंड्यांवर घालवते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रानातील मादीला पहिले पिल्लू साधारण साडेसहा वर्षांच्या वयात होते, गर्भ सुमारे सहा महिने वाढतो, एका वेळी एकच पिल्लू जन्मते, आणि दोन पिल्लांमध्ये तीनेक वर्षे सहज जातात. आपल्या गावोगावच्या लाल तोंडाच्या माकडांच्या तुलनेत हा वेग फारच मंद आहे.

आता झाड. पश्चिम घाटात जायफळ-कुळाच्या पाच जाती मूळच्या आहेत. त्यांपैकी रामपत्री मसाल्यात येते म्हणून ओळखीची आहे. बाकीच्यांची नावे रानात वावरणाऱ्यांनाच ठाऊक असतात. साल कापली की रक्तासारखा लाल चीक वाहतो, ही या कुळाची सहज ओळखू येणारी खूण आहे. फळ पिकले की दोन शकलांत उलते, आत एकच मोठी बी असते आणि तिच्यावर लाल-केशरी पत्रीचे जाळीदार आवरण असते. एका फळात एक बी, आणि तीही अशी की वाळली तर मेली. भाताचे किंवा बाभळीचे बी वर्षानुवर्षे वाट पाहू शकते. या बीला ओल्या, सावलीच्या जमिनीवर पडून लवकर रुजावेच लागते. म्हणजे झाडानेही माकडासारखाच हिशेब मांडला आहे: संतती थोडी, पण प्रत्येकीला भरपूर शिदोरी बांधून देणे. असा हिशेब त्याच रानात परवडतो, ज्या रानात उद्याचा दिवस आजच्यासारखाच उगवेल याची खात्री असते.

आणखी एक साम्य मला फार मोहक वाटते. सिंहपुच्छ माकडाचे जवळचे नातेवाईक आपल्याकडची लाल तोंडाची माकडे किंवा दक्षिणेतील टोपीवाली माकडे नाहीत, तर आग्नेय आशियातील डुकरासारख्या आखूड शेपटीची माकडे आणि इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरची माकडे आहेत. जायफळाचेही तसेच आहे. ज्या जायफळासाठी युरोपीय व्यापारी जिवावर उदार झाले, त्याचे मूळ गाव इंडोनेशियातीलच बांदा बेटे. त्याच्या प्रजातीचा सर्वांत मोठा गोतावळा न्यू गिनीच्या बाजूला आहे. घाटातील या दोघांचेही सोयरे समुद्रापलीकडे आहेत.

मात्र धाग्याच्या शीर्षकातला मुद्दा वेगळा आहे. हे दोघेही शिरगणती करणाऱ्याला फसवतात, आणि विशेष म्हणजे दोघे उलट दिशांनी फसवतात. रामपत्रीचे मोठे झाड एकदा वाढले की दशकानुदशके उभे राहते. खालची ओल गेली, बी नेणारे पक्षी गेले, एकही रोप उगवेनासे झाले, तरी मोजणाऱ्याच्या वहीत झाड जमा होत राहते. त्या झाडाचा वंश कधीच खुंटलेला असतो, पण आकडा ते सांगत नाही. माकडाचे उदाहरण तमिळनाडूतील वालपाराईजवळच्या पुथुथोट्टमचे घ्यावे. तिथे एक चौरस किलोमीटरहूनही लहान रानतुकडा कॉफी-चहाच्या मळ्यांनी वेढलेला आहे. त्या तुकड्यातील माकडांची संख्या गेल्या काही दशकांत घटली नाही, उलट अनेक पटींनी वाढली. पण ही माकडे रस्त्यावर उतरतात, घरांच्या छपरांवर चढतात, खरकटे खातात आणि वाहनांखाली मरतात. तिथे आकडा वाढला, पण शेंड्याशेंड्याने जगण्याची रीत गेली. झाडाच्या बाबतीत आकडा टिकतो आणि भविष्य जाते, माकडाच्या बाबतीत आकडा वाढतो आणि स्वभाव जातो. हे कितपत बरोबर आहे?

पागोळी

विषय आवडला, कारण अशी तुलना आधी वाचलेली नाही. मूळ मुद्द्याकडे वळण्याआधी एक भाषिक टिपण करते. अनेक मराठी लेखांत या प्राण्याला ‘सिंहपुच्छ वानर’ म्हटलेले दिसते. आपल्याकडे वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, मुख्यतः पाला खाणारा प्राणी. गालात पिशव्या असलेला आणि फळे-किडे खाणारा तो माकड. हा प्राणी दुसऱ्या गटातला आहे, तेव्हा धागाकर्त्यांनी ‘माकड’ हाच शब्द वापरला हे योग्यच झाले. कन्नडमध्ये त्याला सिंगळीक म्हणतात, मल्याळममध्ये सिंहवालन कुरंगु, आणि तमिळमध्ये सोलैमंदी. शेवटचे नाव मला सर्वांत नेमके वाटते, कारण सोलै म्हणजे दाट रान, आणि तेच त्याचे खरे ओळखपत्र आहे.

गंमत अशी की प्रथमदर्शनी नजर त्याच्या आयाळीवर खिळते आणि ‘सिंह’ हे नाव आयाळीवरून आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात नावातला सिंह शेपटीच्या गोंड्यापुरताच आहे.

आता माझा प्रश्न. हे माकड याच झाडांच्या रानात राहते आणि फळे खाते, तर ते रामपत्रीचे बी पेरण्याचे कामही करत असेलच ना? तसे असेल तर ही तुलनेपेक्षा भागीदारीची गोष्ट ठरेल, आणि ती अधिक रंजक होईल.

आडवाट

पागोळी यांचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर थोडे निराशाजनक आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसी-होन्नावर परिसरातील टोळ्यांच्या आहारात जायफळ-कुळातील झाडांची फळे आहेत, हे खरे. तरीही फळ खाणारा आणि बी पेरणारा हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते घाईघाईने फळे तोंडात कोंबते, जवळच्या सुरक्षित फांदीवर जाऊन गर खाते आणि बी थुंकून टाकते. त्यामुळे बी फार लांब जात नाही. शिवाय काही झाडांच्या बाबतीत तर ते बियाच फोडून खाते. अनमलै डोंगरांत या माकडाचे मुख्य अन्न असलेल्या कुलेनिया झाडाचे काटेरी फळ ते बियांसाठीच फोडते. तिथे त्याला पेरणारा म्हणण्यापेक्षा दळणारा म्हणणे जास्त प्रामाणिक होईल.

जायफळ-कुळाचा खरा पेरणारा धनेश आहे. महाधनेश आणि मलबारी राखी धनेश हे दोन्ही पक्षी उललेल्या फळातून पत्रीसकट बी उचलतात, अख्खी गिळतात, पोटात पत्री सुटली की बी तोंडावाटे बाहेर टाकतात. हे सर्व होईपर्यंत पक्षी उडून बराच लांब गेलेला असतो. मोठे रानपारवेही हे काम करतात. पत्री स्निग्ध असते आणि तिचा लाल रंग हिरव्या रानात उठून दिसतो, ही सगळी योजना पक्ष्याच्या डोळ्यांसाठी आणि पोटासाठी आहे. विणीच्या काळात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला एका बारीक फटीतून भरवतो. त्या दिवसांत अशी स्निग्ध फळे त्याच्या फार उपयोगाची असतात.

तेव्हा रामपत्री आणि माकड यांचे नाते भागीदारीचे नसून शेजाऱ्यांचे आहे. एकाच चाळीत राहणारे, एकाच नळावर अवलंबून असलेले, पण परस्परांच्या घरखर्चात फारसा वाटा नसलेले शेजारी. धागाकर्त्यांच्या तुलनेला यामुळे बाधा येत नाही. उलट बळच मिळते, कारण दोघांचे साम्य एकमेकांमुळे नसून एकाच जागेच्या सवयीमुळे आलेले आहे.

तिरफळ

माझा संबंध मसाल्याच्या बाजूने येतो, म्हणून झाडाविषयी थोडे सांगतो. ज्यांना जायपत्री आणि रामपत्री या एकच गोष्टी वाटतात त्यांच्यासाठी: जायपत्री ही बांदा बेटांकडून आलेल्या लागवडीच्या जायफळाची, आणि रामपत्री ही आपल्या घाटातील रानझाडाची. रामपत्रीचे बीही जायफळापेक्षा लांबट असते. वाळल्यावर पत्रीच्या बारीक बोटांची जुडी टोकाला जुळलेली दिसते. तिचा वास जायपत्रीच्या मानाने फारच मंद असतो. जुन्या निर्यात-व्यापारात रामपत्रीला ‘बॉम्बे मेस’ म्हणत असत. तो माल मुंबईचा नव्हता, मुंबई बंदरातून जात होता एवढेच. महाग जायपत्रीत भेसळ म्हणून ती वापरली गेल्याचा इतिहास जुना आहे. मात्र आपल्या मसाल्यात तिला स्वतःचे स्थान आहे, तिला नुसती भेसळ म्हणून हिणवणे मला पटत नाही.

तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की लागवडीच्या जायफळात उत्पन्न झाडावर अवलंबून आहे, तर रामपत्रीत ते रानावर अवलंबून आहे. मळ्यातले फळ उलेपर्यंत मालक थांबतो, कारण झाड त्याचे असते. रानातल्या फळाला मालक नसतो. आज मी थांबलो तर उद्या दुसरा नेईल, या भीतीने कच्ची फळे झोडपली जातात, प्रसंगी फांद्याच तोडल्या जातात. कच्च्या फळातील बी रुजत नाही आणि तिची पत्रीही हलकी निघते. धनेशाला काही मिळत नाही, जमिनीवर रोप येत नाही, आणि माल गोळा करणाऱ्यालाही कमी भाव मिळतो. एवढ्या सगळ्यांचे नुकसान एकाच वेळी करणारी पद्धत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

अवांतर वाटेल, पण सांगतो. लागवडीच्या जायफळासाठी डच कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर केलेला नरसंहार आणि १६६७ च्या ब्रेडा तहात रन हे चिमुकले बेट डचांकडे राहून मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिल्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. याच कुळातील आपल्या झाडासाठी कुणी जहाजाचे शीडही उभारले नाही. वास कमी असल्याचा हा फायदाच म्हणायचा.

उंबरफूल

मला मूळ तुलना सरसकट मान्य नाही. दोघांचे जीवन मंद आहे हे ठीक, पण त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो धाग्यात आलेला नाही. झाडाची आपण नक्कल काढू शकतो, माकडाची काढू शकत नाही.

लागवडीच्या जायफळाचेच पाहा. या कुळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बीपासून लावलेले रोप नर आहे की मादी हे पहिला मोहोर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. अर्धी झाडे नर निघाली तर शेतकऱ्याची इतकी वर्षे वाया जातात, कारण दहा मादी झाडांना एखादे नर झाड पुरेसे असते. यावर उपाय म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलम बांधले जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती दिल्या. कोकण संयुक्ता या जातीत तर नर आणि मादी दोन्ही फुले एकाच झाडावर येतात. झाडाची सहा वर्षांची प्रतीक्षा माणसाने अशी एका काडीवर आणून ठेवली. रामपत्रीवरही कलमाचे तंत्र चालू शकते. सिंहपुच्छ मादीची साडेसहा वर्षांची प्रतीक्षा मात्र कोणत्याही रोपवाटिकेत कमी होणार नाही. प्राणिसंग्रहालयांत त्यांची वीण होते हे खरे, पण पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला शेंड्यावरची वाट कोण शिकवणार?

म्हणून मला वाटते की दोघांना एका पारड्यात ठेवल्यास आपण झाडाविषयी उगाच हताश होऊ आणि माकडाविषयी उगाच निश्चिंत राहू.

कातळसडा

उंबरफूल यांचा आक्षेप वजनदार आहे आणि नर-मादी झाडांचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता, हे मान्य करतो. किंबहुना तो मुद्दा तुलनेत चपखल बसतो. नर आणि मादी झाडे वेगळी असतील आणि रान तुकड्यातुकड्यांत विभागले गेले असेल, तर एखाद्या लहान तुकड्यात दहा झाडे उभी असूनही ती सर्व एकाच लिंगाची निघू शकतात. दुसऱ्या तुकड्यातील नर फुलांचे पराग तिथपर्यंत आणणारे कीटक अगदी लहान असतात, त्यांची झेपही लहानच. माकडाच्या एकाकी टोळीतही असेच घडते. तरुण नर टोळी सोडून दुसरीकडे जातो, ही त्यांची नैसर्गिक रीत आहे. पण मध्ये चहाचा मळा किंवा डांबरी रस्ता आला की त्याला जायला वाट उरत नाही. इथेही मोजणारा ‘दहा’ असा आकडा लिहितो, आणि त्या दहांतून पुढची पिढी येणे अवघड असते.

कलमाविषयी मात्र मी सहमत नाही. कलमाने झाड वाढते, रान वाढत नाही. शिवाय कलम म्हणजे एकाच झाडाच्या हजार प्रती. बागायतदाराला तेच हवे असते, रानाला त्याच्या उलट हवे असते. रामपत्री कोरड्या उतारावर कलमाने जगवता येईलही, पण या कुळातील जी भावंडे पाण्यात पाय सोडून उभी राहतात, त्यांचे काय?

भातखाचर

शेवटच्या प्रश्नावरून लिहायला बसलो. जायफळ-कुळातील काही जाती गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढतात. डोंगराच्या कुशीतून निघालेल्या लहान ओहोळाकाठी, सपाट आणि वर्षभर ओल्या जागी अशा दलदली तयार होतात. तिथल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून एक जात आधारमुळांवर उभी राहते, तर दुसरीची मुळे गुडघा वाकवल्यासारखी चिखलाबाहेर येऊन पुन्हा आत शिरतात. समुद्राकाठच्या खारफुटीने जो उपाय शोधला, तोच या झाडांनी घाटात गोड्या पाण्यात शोधला. केरळातील कुलतुपुळा परिसरातील अशा दलदलींची नोंद १९६० साली झाली. संपूर्ण केरळात या प्रकारचे रान सगळे मिळून दीड चौरस किलोमीटरच्या आसपास उरले आहे. हा आकडा वाचून मी थबकलो होतो, कारण एखाद्या मध्यम गावाचे शिवारही याहून मोठे असते.

या जागा का गेल्या, हे समजायला शेतकऱ्याचे डोळे हवेत. वर्षभर पाणी असलेली, सपाट, गाळाची जमीन डोंगरात मिळणे म्हणजे भाग्यच. तिथे भाताची खाचरे काढली गेली, पोफळीच्या बागा लावल्या गेल्या. कुणी दुष्टपणाने रान तोडले नाही. झाडाला जी जागा हवी होती तीच माणसालाही हवी होती, एवढेच घडले. माकडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे रान चहा, कॉफी, वेलदोडा आणि धरणांखाली गेले, पण ते शेंड्यांवर राहत असल्यामुळे उतारावरचे, शेतीला निरुपयोगी असे रान तरी त्याच्या वाट्याला उरले. दलदलीतल्या झाडाला तेवढीही सवलत मिळाली नाही.

जिथे या दलदली टिकल्या तिथे बहुतेक वेळा देवाचे नाव आहे. उत्तर कन्नडमध्ये राखलेल्या जुन्या रानांना ‘कान’ म्हणतात. जोगच्या धबधब्याजवळचे कत्तलेकान, म्हणजे अंधारे रान, हे त्यांतले प्रसिद्ध. तिथून २००० साली बिब्ब्याच्या वंशातील एक नवी जात शास्त्रीय साहित्यात नोंदवली गेली. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे अशी दलदल गावकऱ्यांनी देवराई म्हणून राखली, आणि राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. सिंहपुच्छ माकड महाराष्ट्रात नाही, पण त्याच्या शेजाऱ्याचे घर आपल्याकडेही आहे, हे या धाग्यावर नोंदवणे आवश्यक वाटले.

पागोळी

भातखाचर यांचा प्रतिसाद वाचून एक विचार सुचला. माकडाला चेहरा आहे, झाडाला नाही. केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंती नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सत्तरच्या दशकात जी चळवळ उभी राहिली, तिचे चिन्ह हेच माकड झाले. प्रकल्प १९८३ मध्ये सोडून दिला गेला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढच्या वर्षी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एखाद्या झाडाच्या नावावर असे घडले असते का, याविषयी मला शंका आहे. लाल चिकाचे झाड कितीही अद्भुत असले, तरी भित्तिपत्रकावरून ते आपल्याकडे पाहत नाही. या बाबतीत दोघांची बरोबरी होऊच शकत नाही, असे मला वाटते.

आडवाट

पागोळी, बरोबरी होत नाही हे खरे, पण शेजारधर्म उपयोगी पडतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसी-होन्नावरच्या रानांत या माकडाच्या ३२ टोळ्या आढळल्या आणि त्यांची एकूण संख्या सहाशेच्या पुढे निघाली. त्या शोधाआधी इतक्या उत्तरेला एवढी मोठी वस्ती असेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. पुढे २०११ साली अघनाशिनी खोऱ्यात सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचे सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. नाव माकडाचे असले, तरी या भागात जायफळ-कुळाच्या दलदलीही आहेत. माकडाच्या नावाने काढलेल्या सातबारावर झाडाचेही नाव इतर हक्कात चढले, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र याच्या उलट बाजूकडे लक्ष हवे. माकड सलग शेंडे मिळाले की समाधानी असते, झाडांखालचा ओहोळ आटला तरी त्याला लगेच फरक पडत नाही. म्हणून माकड सुखरूप असल्याची बातमी म्हणजे दलदल सुखरूप असल्याची बातमी नव्हे. वरच्या बाजूला पोफळीच्या बागेसाठी ओहोळाचे पाणी वळवले, तर शेंड्यावर टोळी खेळत असतानाच खाली रोपे वाळत असतील.

उंबरफूल

हा मुद्दा पटला, आणि माझा आधीचा आक्षेप थोडा मागे घेतो. मी झाडाची नक्कल निघते असे म्हटले होते, पण भातखाचर यांचे वाचल्यावर लक्षात आले की दलदलीची नक्कल निघत नाही. एक प्रश्न तरीही उरतो. शिरगणती फसवते हे मान्य केले, तर मोजायचे तरी काय?

कातळसडा

माझ्या मते दोघांच्या बाबतीत पिढी मोजावी. टोळीत एकूण माकडे किती याऐवजी प्रौढ मादीमागे लहान पिल्ले किती आणि अर्धवट वयाची किती हे पाहावे. शक्य असेल तर ती दिवसाचा किती वेळ जमिनीवर घालवतात याचीही नोंद ठेवावी. शेवटची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते, कारण शेंडे तुटले की आधी हीच वेळ वाढते. झाडाच्या बाबतीत मोठ्या खोडांसोबत वीतभर रोपे, कमरेएवढी रोपे आणि मनगटाएवढी खोडे वेगवेगळी मोजावीत. वीतभर रोपे भरपूर आणि मनगटाएवढे एकही खोड नाही, असे चित्र दिसले तर बी रुजते आहे पण टिकत नाही, म्हणजे दोष बहुधा सावलीत किंवा पाण्यात आहे. रोपेच नसतील तर फळे झोडपली जात असावीत, धनेश येत नसावा, किंवा तुकड्यात एकच लिंग उरले असावे. मोहोराच्या दिवसांत नर आणि मादी झाडांची स्वतंत्र मोजणी केल्याशिवाय यांतले खरे कारण हाती लागणार नाही.

तिरफळ

यात माझ्या बाजूची एक भर घालतो. बाजारात आलेल्या रामपत्रीच्या ढिगातही पिढीचा अंदाज लागतो. पिकून उललेल्या फळाची पत्री भरलेली असते, कच्च्या फळाची अंगाने बारीक आणि फिकी असते. एखाद्या भागातून येणाऱ्या मालात बारीक पत्रीचे प्रमाण वर्षागणिक वाढू लागले, तर तिथे फळ उलण्याची वाट कुणी पाहत नाही हे रानात न जाताही कळते. खरेदी करणाऱ्याने भरलेल्या पत्रीला ठळकपणे जास्त भाव दिला, तर गोळा करणारा आणखी काही दिवस थांबेल. तेवढ्या दिवसांत धनेशही आपला वाटा उचलून नेईल.

पागोळी

आणि माकडाच्या बाजूने काय करता येते, हेही या निमित्ताने लिहून ठेवते. वालपाराईच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे झुलते पूल बांधले गेले आहेत आणि माकडे ते वापरतात. जिथे पूल नाहीत तिथे रस्त्याकडेची मोठी झाडे न तोडता दोन्ही बाजूंचे शेंडे एकमेकांना भिडू देणे, हा त्याहून स्वस्त उपाय आहे. रस्तारुंदीच्या आराखड्यात ही झाडे आधी चिन्हांकित करावी लागतील, कारण एकदा तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेले रोप शेंड्याला पोचेपर्यंत त्या टोळीतील बहुतेक माद्या म्हाताऱ्या झालेल्या असतील.